हायवाथा ट्रेल : बंद पडलेल्या रेल्वे लाइनवर सायकल, नक्की जा!

अमेरिकेतल्या आयडाहो-मोंटाना बॉर्डरवरची ही मिलवॉकी रोड या रेल्वे कंपनीची जुनी लाइन, 1980 मध्ये बंद झाली आणि आता त्यावर साधारण 15 मैलांचा सायकल ट्रेल आहे, 10 बोगदे आणि 7 उंचच उंच पूल. ट्रेल सुरू होतो त्या ईस्ट पोर्टलपासून निघालात की पहिलाच टाफ्टचा बोगदा, 1.66 मैल, आत मिट्ट काळोख, छतातून पाणी ठिबकतंय, दोन्ही कडेला गटार आणि भर जुलैमध्ये पण हुडहुडी भरते, त्यामुळे जॅकेट घ्याच. हेल्मेट आणि लाइट कंपल्सरी आहे, पण लाइट पॉवरफुल हवा, मोबाइलच्या टॉर्चवर अजिबात भागत नाही. बाहेर पडलं की समोर धबधबा, काय वाटतं म्हणून सांगू! पुढे सगळा उतार, तोही हलका, रेल्वेसाठीच काढलेला ना, लहान मुलं पण आरामात चालवतात. केली क्रीकच्या पुलावर थांबा, 230 फूट खाली दरी आणि सगळीकडे नुसती झाडंच झाडं. परतीच्या शटल बसचं तिकीट वेगळं आहे पण काढाच, पैसे वसूल. फक्त शटल रोलंडला, म्हणजे टाफ्टच्या बोगद्याच्या पलीकडच्या टोकाला सोडते, तिथून गाडीपर्यंत टाफ्टचा बोगदा परत पार करायचा असतो, तेव्हा लाइटची बॅटरी वाचवून ठेवा.