आयुष्यभर न बदलावा लागणारा खुबा

गेल्या जानेवारीत, गड्ड्याची यात्रा उठून दोन-तीन दिवस झाले असतील, तेव्हा माझ्या सोळा वर्षांच्या भाचीच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेच्या नावाखाली आमच्या कुटुंबाचे 2 लाख 15 हजार रुपये एका माणसाने उकळले. सोलापुरात रुग्णालयांच्या आवारात तो किंवा त्याच्यासारखे दुसरे कोणी आजही फिरत असतील, आणि त्यांचे लक्ष्य नेमके लहान मुलांचे पालक असतात, म्हणून घडले ते सविस्तर लिहीत आहे.

भाचीला वयाच्या सातव्या वर्षापासून बालसंधिवात आहे. माझी बहीण गणवेशाच्या कारखान्यात शिवणकाम करते आणि मेहुणे अक्कलकोट रस्त्यावरच्या यंत्रमाग कारखान्यात आहेत. त्यामुळे औषधांत मधूनमधून खंड पडत गेला आणि सूज दोन्ही खुब्यांत उतरली. दहावीच्या वर्षी काढलेल्या एक्स-रेमध्ये उजव्या खुब्याचा गोळा आणि वाटी यांच्यामधली फट जवळजवळ नाहीशी झालेली होती. मुलीला मांडी घालून बसता येईना, जिना एकेक पायरी करून चढावा लागे. वाकता येत नसल्यामुळे ती आईची शिवणाची लाकडी पट्टी मोज्याच्या तोंडात घालून मोजा पसरवून धरत असे आणि पाय हळूहळू आत सरकवत असे. हे रोज सकाळी माझ्या बहिणीच्या डोळ्यांसमोर घडत होते, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

आम्ही ज्या अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवले त्यांनी काहीही लपवले नाही. एवढ्या लहान वयात कृत्रिम खुबा बसवणे शक्यतो टाळले जाते, परंतु सांधा पूर्ण झिजला असेल आणि दुसरा उपाय उरला नसेल तर तो बसवतात आणि मुले वेदनेशिवाय चालू लागतात, असे ते म्हणाले. मात्र कृत्रिम सांधाही झिजतो. प्रौढांमध्ये सुमारे 58 टक्के खुबे 25 वर्षे टिकतात, असे 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासातून दिसले आहे. सोळाव्या वर्षी बसवलेला खुबा आयुष्यात एकदा, कदाचित दोनदा बदलावा लागेल, अशी मनाची तयारी ठेवा, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यातही आधी सहा महिने औषधांनी संधिवात आटोक्यात आणू आणि मगच शस्त्रक्रियेचे ठरवू, हा त्यांचा सल्ला होता. आज मला तो सल्ला किती प्रामाणिक होता हे कळते. त्या दिवशी मात्र बहीण रुग्णालयाच्या पायऱ्यांवर बसून रडली आणि म्हणाली, “दादा, पोरीला पुन्हा पुन्हा कापायचं का?”

हे वाक्य शेजारी उभ्या असलेल्या एका माणसाने ऐकले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्राची पट्टी, हातात रुग्णांच्या फायली. “ताई, रडू नका, मी याच कामात आहे,” असे म्हणत त्याने आम्हाला समोरच्या हॉटेलात चहाला नेले. आपण परदेशी सांधे आणणाऱ्या कंपनीचे वैद्यकीय समन्वयक आहोत, जर्मनीत मुलांसाठी खास ‘वाढणारा खुबा’ तयार होतो, मूल वाढेल तसा तो वाढतो, त्यामुळे तो आयुष्यभर बदलावा लागत नाही आणि कंपनी तसे हमीपत्र देते, असे त्याने सांगितले. इथल्या डॉक्टरांना हे माहीत नसते, असेही तो ओघात बोलून गेला. मग त्याने पिशवीतून एक खोके काढले, टेबलावर चहाच्या कपांशेजारी उघडले आणि आतला चकचकीत दांडा व त्यावरचा गुलाबी गोळा बहिणीच्या हातात दिला. बहिणीने तो पदराने पुसून कपाळाला लावला. त्या क्षणी व्यवहार ठरल्यासारखाच होता.

मी नवी पेठेतल्या एका कापड दुकानात बावीस वर्षे हिशेब लिहितो, म्हणून पैशांची बाजू माझ्याकडे आली. सांधा मापाप्रमाणे बनवून घ्यायचा म्हणून 1 लाख 50 हजार रुपये आगाऊ, चार दिवसांनी सीमाशुल्काचे 40 हजार, त्यानंतर विम्याचे 25 हजार, असे पैसे गेले. पहिली रक्कम रोख दिली. उरलेली मोबाइलवरून तीन वेगवेगळ्या नावांच्या खात्यांत पाठवली. सरकारने सांध्यांच्या किमती बांधून दिल्या आहेत म्हणून इतके स्वस्त पडते, असे सांगून त्याने एका सरकारी आदेशाची प्रतही दाखवली. तो आदेश ऑगस्ट 2017 चा होता आणि गुडघ्याच्या सांध्यांबद्दल होता, हे मी नंतर वाचले. आगाऊ रकमेची छापील पावती मात्र त्याने लगेच दिली, आणि त्या पावतीने माझा विश्वास बसला.

विसाव्या दिवशी, फोन बंद लागू लागल्यावर, मी ती पावती दुकानात दिव्याखाली धरून वाचली. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी 27, आणि त्यापुढची दहा अक्षरे पॅन क्रमांकाची. हे मी दिवसातून चाळीस वेळा बघतो. पावतीवर पुण्याचा पत्ता होता, क्रमांक 29 ने सुरू होत होता, म्हणजे कर्नाटकचा, आणि अक्षरे चौदाच होती. मी तीन वेळा पेन टेकवून मोजली. दुकानाच्या बिलात असा क्रमांक आला असता तर मी माल उतरवू दिला नसता.

दुसऱ्या दिवशी त्याच डॉक्टरांकडे गेलो. रागावतील असे वाटले होते, पण त्यांनी अर्धा तास बसवून समजावले. कृत्रिम सांधा निर्जंतुक करून दुहेरी वेष्टनात सीलबंद येतो आणि ते वेष्टन फक्त शस्त्रक्रियागृहात, शस्त्रक्रिया चालू असताना उघडतात. हॉटेलच्या टेबलावर उघडलेला सांधा माणसाच्या शरीरात बसवण्याच्या लायकीचा उरतच नाही. ‘वाढणारा’ सांधा ही शुद्ध थापही नव्हती, आणि त्यामुळेच ती पचली. हाडाचा कर्करोग झालेल्या लहान मुलांचा हाडाचा मोठा भाग काढावा लागतो, तेव्हा लांबी वाढवता येणारी रोपणे खरोखर वापरतात. परंतु तीही झिजतात आणि तीही बदलावी लागतात. आमच्या मुलीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पायाची सुमारे 65 टक्के वाढ गुडघ्याच्या आसपासच्या हाडांच्या टोकांकडून होते, खुब्याकडून फक्त 15 टक्क्यांच्या आसपास, आणि सोळाव्या वर्षी मुलींची उंची बहुधा वाढून संपलेली असते. म्हणजे तिला वाढणाऱ्या खुब्याची गरजच नव्हती. बालसंधिवात असलेल्या मुलांची मान ताठ आणि जबडा लहान असू शकतो, त्यामुळे भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणे अवघड जाते, म्हणून शस्त्रक्रियेआधी मानेचीही तपासणी करावी लागते, हेही डॉक्टरांनी सांगितले. त्या माणसाने मुलीला एकदाही पाहिले नव्हते. मापाप्रमाणे सांधा बनवणार म्हणाला, आणि एक्स-रेची प्रतसुद्धा मागितली नाही. हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात कसे आले नाही, याचे दुःख पैशांपेक्षा अधिक आहे.

तक्रार द्यायला गेलो तेव्हा मंगळवेढा तालुक्यातले एक शेतकरी भेटले. त्यांच्या आठ वर्षांच्या मुलाला पर्थेस नावाचा आजार आहे. या आजारात खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा काही काळ खंडित होतो, हाड ठिसूळ होऊन दबते आणि पुढच्या काही वर्षांत पुन्हा भरून येते. तोवर गोळा वाटीत नीट राहावा आणि त्याचा आकार बिघडू नये, यासाठी उपचार असतात. आठ वर्षांच्या अशा मुलाचा सांधा कोणीही बदलत नाही. त्यांच्याकडून त्याच माणसाने 90 हजार घेतले होते, आणि त्याहून वाईट म्हणजे ‘आता सांधा बदलायचाच आहे’ म्हणून त्यांनी मुलाला तपासणीला नेणे तीन महिने थांबवले होते. आमचे फक्त पैसे गेले. त्या मुलाचे गेलेले तीन महिने कोणती तक्रार परत आणणार आहे?

ज्यांच्या घरात असे मूल आहे त्यांनी एवढे जरूर पाहावे की सांध्याचे पैसे रुग्णालयाच्या बिलातच भरले जावेत आणि त्याची नोंद रुग्णाच्या नावावर व्हावी. आयात केलेल्या सांध्याच्या खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता, आयात परवान्याचा क्रमांक, लॉट क्रमांक, मुदत आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असते. आतले चिकटपत्र शस्त्रक्रियेनंतर केसपेपरवर चिकटवतात, त्याची एक प्रत डिस्चार्ज कार्डावर लावून मागावी. 2010 मध्ये धातूवर धातू घासणारा एक खुबा जगभरातून परत मागवण्यात आला, तेव्हा भारतातल्या अनेक रुग्णांचा पत्ताच लागला नव्हता. आपल्या शरीरात नेमके काय बसवले आहे, हे त्या चिकटपत्रावरूनच सिद्ध होते. पैशांची अडचण असेल तर सरकारी आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडेच, म्हणजे त्या योजनेसाठी मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याकडेच करावी. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात, त्याचे अर्ज रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवकाकडे मिळतात. आम्हाला हे सगळे नंतर कळले, आणि ते विचारायला एक रुपयाही लागत नाही.

मोबाइलवरून पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर त्याच तासात फोन करावा. आम्ही एकविसाव्या दिवशी केला; तीनपैकी एकाच खात्यात 11 हजार शिल्लक सापडले आणि ते गोठवले गेले, बाकीचे केव्हाच काढून घेतलेले होते. पोलिसांकडे फसवणुकीची तक्रार दिली आहे आणि सांध्याच्या खोक्याबद्दल अन्न व औषध प्रशासनाला वेगळे पत्र दिले आहे.

भाचीचा उजवा खुबा सप्टेंबरमध्ये त्याच डॉक्टरांनी बदलला, सहा महिने औषधे नियमित घेतल्यानंतर, आणि सवलतीच्या खाटेवर. तिच्या कार्डावर चार चिकटपत्रे आहेत. परवा तिने वाकून मोजा स्वतः घातला, जरा वेळ लागला, पण पट्टी लागली नाही. डाव्या खुब्याचे पुढच्या तपासणीत ठरेल आणि उजवा कधीतरी बदलावा लागेल, हे आता तिलाही ठाऊक आहे. मंगळवेढ्याच्या त्या शेतकऱ्यांची तक्रार आमच्या तक्रारीला जोडली गेली आहे. पुण्याचा पत्ता आणि 29 ने सुरू होणारा चौदा अक्षरी जीएसटी क्रमांक असलेली पावती आणखी कोणाकडे असेल, तर ती फाडून टाकू नका. ती घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात जा आणि सोलापुरात अशाच दोन तक्रारी आधीच दाखल आहेत, हे तिथे सांगा.