मालक गावाला, मांजर घरात: बेळगावात मिळणाऱ्या सोयींचं परीक्षण

चार दिवस गावाला जायचं ठरलं की बेळगावातल्या मांजरवाल्यांपुढे तीन पर्याय असतात. कुत्र्यामांजरांचं बोर्डिंग, ऑनलाइन मागवलेला ऑटोमॅटिक फीडर (ठरल्या वेळी आपोआप खाणं टाकणारं यंत्र), आणि रोज घरी येऊन मांजर बघून जाणारं माणूस. हे माणूस कधी दवाखान्यातला मदतनीस असतो, कधी प्राण्यांची आवड असलेली कॉलेजची मुलगी, कधी शेजारच्याच काकू. तिन्हींत पैसे घालण्याजोगा पर्याय तिसरा. फीडर त्या माणसाच्या मदतीला ठेवावा, त्याच्या बदली नव्हे. बोर्डिंग अगदीच इलाज नसेल तेव्हा.

‘मांजर एकटं राहतं, त्याला कुणी लागत नाही’ हे आपल्याकडे सगळेच म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. मांजर शिकार एकट्याने करतं, पण घरच्या माणसाशी त्याचं नातं जडतं. ते कसलं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या २०१५ मधल्या प्रयोगात, लहान मूल सुरक्षिततेसाठी आईवर अवलंबून असतं तशी ओढ मांजरांत दिसली नाही. अमेरिकेतल्या ओरेगन राज्य विद्यापीठाच्या २०१९ मधल्या अभ्यासात मात्र साधारण ६४ टक्के पिल्लं मालक परत आल्यावर निवांत झाली. आपल्या कामाचा अभ्यास ब्राझीलमधला, २०२० चा. त्यात १३० मालकांकडून २२३ मांजरांची माहिती घेतली, आणि ३० मांजरांत एकटेपणाशी जोडलेल्या तक्रारी निघाल्या: वस्तूंची नासधूस, सतत ओरडणं, नको तिथे लघवी. खेळणी नसलेल्या आणि दुसरा प्राणी नसलेल्या घरांशी या तक्रारींचा संबंध दिसला.

हे वाचून ‘मग दुसरं मांजर आणू’ असं ठरवू नका. मोठ्या मांजराच्या घरात अनोळखी मांजर आणलं तर दोघं एकमेकांना सोसायला लागेपर्यंत आठवडे जातात, काही जोड्यांचं कधीच जमत नाही. एकाच वेताची दोन पिल्लं लहानपणीच एकत्र आणली तर गोष्ट वेगळी. प्रवासाच्या तोंडावर सोबत म्हणून नवं मांजर आणणं म्हणजे घराची राखण दोन भांडणाऱ्यांच्या हाती देणं. मांजराला हवी असते त्याची ओळखीची जागा, ठरलेल्या वेळा आणि रोज थोडा वेळ तरी ओळखीचं माणूस.

बोर्डिंग इथेच मागे पडतं, कारण तिथे जागाच बदलते. त्यात शेजारी कुत्री भुंकत असली तर बरीच मांजरं पहिले एकदोन दिवस पिंजऱ्याच्या कोपऱ्यात दबून बसतात आणि खाणं सोडतात. तरीही ठेवावं लागलं तर आधी जाऊन जागा बघा. मांजरांची खोली कुत्र्यांपासून वेगळी हवी, नुसता पडदा चालणार नाही. पिंजऱ्यात लपायला खोकं किंवा वर चढायला फळी हवी, आणि लिटर ट्रे, म्हणजे शी-शूच्या वाळूचा ट्रे, खाण्याच्या ताटलीपासून लांब. त्यांनी लसीकरणाचं कार्ड मागितलं नाही तर तिथून परत फिरा. पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या संसर्गाचा विषाणू जागेत महिनोन्‌महिने टिकतो, साध्या फिनाइलने पुसून जात नाही, ब्लीच लागतं. जे कार्ड बघत नाहीत ते पुसतातही तसंच, असं धरून चाला. रोज इंजेक्शन लागणारं मांजर असेल तर मात्र घरापेक्षा पशुवैद्यकाच्या देखरेखीखालची जागा बरी.

आता फीडर. वस्तू चांगली आहे, पण डब्यावरच्या जाहिरातीत ‘आठवडाभर निश्चिंत’ म्हणतात तशी नाही. पहिली अडचण मापाची. यंत्र ‘एक पोर्शन’ म्हणून जे टाकतं त्याचं वजन दाण्याच्या आकारावर ठरतं, तेच यंत्र बारीक दाणा जास्त टाकतं आणि मोठा कमी. म्हणून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर लागोपाठ १० पोर्शन मोजा आणि सरासरी काढा. साधारण ४ किलोच्या, नसबंदी झालेल्या मांजराला दिवसाला ५० ग्रॅमच्या आसपास ड्राय फूड पुरतं. नेमका आकडा पाकिटावरच्या तक्त्यात बघा आणि तो चार वेळांत वाटा.

दुसरी अडचण आपल्या पावसाची. जून ते सप्टेंबर बेळगावची हवा, आणि खानापूरकडची तर विचारूच नका, दाणे मऊ करून टाकते. मऊ दाणा फिरत्या चाकाला चिकटतो, चाक अडतं, आणि मोबाइलवर मात्र ‘खाणं दिलं’ असा मेसेज येतो. बहुतेक यंत्रांना फक्त मोटर फिरली एवढंच कळतं, ताटलीत दाणा पडला की नाही हे कळत नाही. पावसाळ्यात टाकी पूर्ण भरू नका, तीन दिवसांपुरतेच दाणे घाला. झाकणातली ओल शोषणारी पुडी बदला आणि रबराची कड नीट बसली आहे का ते बोटाने फिरवून बघा. मुंग्यांसाठी फीडर पाणी भरलेल्या रुंद परातीत मधोमध वीट ठेवून तिच्यावर बसवा, पण ताटली मांजराच्या तोंडाला येईल इतकीच उंची ठेवा.

तिसरी विजेची. अडॅप्टरसोबत सेल घालता येतात तोच फीडर घ्या. वीज गेली की अनेक मॉडेलांत सेलवर फक्त घड्याळ आणि मोटर चालते, कॅमेरा बंद पडतो. राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर नसेल तर तुम्हाला गावाहून काहीच दिसणार नाही. बरेच फीडर २.४ गिगाहर्ट्‌झच्या वायफायवरच चालतात, हे घेण्याआधी बघून घ्या. पाऊचमधलं ओलं खाणं यात घालू नका, आपल्या उकाड्यात ते काही तासांत नासतं. घरात दोन मांजरं असतील तर दांडगं दोघांचं खातं आणि दुबळं उपाशी राहतं. पहाटे पाचला ओरडून उठवणाऱ्या मांजराला वेळेवर खाणं देण्यापुरता फीडर पाचपैकी चार गुणांचा. एकट्या मांजराला चार दिवस त्याच्या भरवशावर ठेवायचं असेल तर एक.

पाण्याचं कारंजं आवडीचं असलं तरी वीज गेली की पंप थांबतो, फिल्टरला बुळबुळीत थर धरला की मांजर तोंड लावत नाही. दोन-तीन रुंद वाट्या वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा. मांजराला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ५० मिली पाणी लागतं. कोरडे दाणे खाणाऱ्याला ते जवळजवळ सगळं वाटीतूनच मिळवावं लागतं.

घरी येणाऱ्या माणसाची खरी किंमत या यंत्रांना जे दिसत नाही तिथे आहे. बोका ट्रेमध्ये पुन्हापुन्हा बसतो, ओरडतो आणि लघवी होत नाही, हे माणसालाच कळतं. नराची मूत्रनळी तुंबणं ही तासांवर मोजायची आणीबाणी आहे, एकदोन दिवसांत जीव जाऊ शकतो, आणि ताण हे त्यामागचं एक कारण असतं. ट्रेमध्ये लघवीने वाळूचे झालेले ओले गोळे दिवसाला दोन ते चार दिसले तर ठीक. एकही नाही, किंवा थेंबाथेंबाचे बारीक गोळे, तर लगेच फोन, आणि तसाच दवाखाना. खाण्याचंही तसंच. मांजर २४ तास काहीच खात नसेल तर पशुवैद्यकाला विचारावं. दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, त्यातही लठ्ठ असलं, तर यकृतात चरबी साचून जिवावर बेततं.

म्हणून दिवसाला एक भेट कमीच. सकाळ-संध्याकाळ दोन घ्या, प्रत्येकी ३० ते ४० मिनिटांच्या. आल्यावर आधी मांजर डोळ्यांनी दिसलं पाहिजे. सगळ्यात जास्त चूक इथेच होते: ताटली रिकामी दिसली म्हणून सगळं ठीक धरतात, प्रत्यक्षात शेजारचा बोका खाऊन गेलेला असतो आणि घरचं मांजर कपाटात अडकलेलं. मग उरलेलं खाणं वजन करून लिहायचं, ट्रे गाळायचा, पाणी बदलायचं. दहा-पंधरा मिनिटं दोरीच्या काठीने खेळवायचं आणि खेळ संपताच खायला द्यायचं. धावणं, पकडणं, खाणं हा क्रम मांजराला रुचतो. जवळ येत नसेल तर ओढून मांडीवर घ्यायचं नाही, जमिनीवर शांत बसून राहायचं. जाताना तीन फोटो: मांजर, ताटली, गाळण्याआधीचा ट्रे. हे न पाठवणाऱ्याला पुढच्या वेळी बोलावू नका.

निघण्याआधी त्या माणसाला दोनदा घरी बोलवा. पहिल्यांदा तुम्ही घरात असा, दुसऱ्यांदा अर्धा तास बाहेर जा. वाळूचा ब्रँड आणि खाणं त्या आठवड्यात बदलू नका. तुमचा वापरलेला, न धुतलेला शर्ट मांजराच्या नेहमीच्या जागी ठेवा. शहापूर-वडगावच्या जुन्या घरांत मागचं दार, माळा आणि सरकलेलं कौल या तीन वाटांनी मांजर निसटतं. परसाकडचं दार आतून लावून घ्या आणि येणाऱ्याने पुढचं दार बंद केल्याशिवाय आतलं उघडायचं नाही, हे आधीच ठरवा.

फ्रिजवर एक कागद चिकटवा: पशुवैद्यकाचा नंबर, रात्री चालणारा दुसरा नंबर, रोजची औषधं, मांजर लपतं त्या जागा. मराठीत आणि कानडीतही लिहा, कारण ऐनवेळी तुमच्या माणसाच्या जागी दुसरं कुणी येऊ शकतं. त्यावर ठळक अक्षरांत एक ओळ: पॅरासिटामॉल अजिबात नाही. माणसाची ताप-दुखीची ती साधी गोळी मांजराला विष आहे. घरात लिलीची फुलं असतील तर काढून टाका, परागकण चाटल्यानेही मूत्रपिंडं निकामी होतात. परसातली कळलावीही विषारी असते.

गणपतीत आणि शिवजयंतीत वेगळा हिशोब लागतो. विसर्जनाच्या मिरवणुका रात्रभर चालतात, कपिलेश्वर तलावाकडचे रस्ते गर्दीने भरतात, संध्याकाळची भेट हुकते. त्या दिवशी भेटी पहाटे आणि दुपारी ठेवा. रस्त्याकडच्या खोलीचं दार बंद करून आतल्या खोलीत खोकं, ट्रे आणि पाणी हलवा. हे हलवणं दोन दिवस आधी करा, नाहीतर ढोल सुरू झाल्यावर मांजर ट्रे शोधत फिरतं.

आठवड्यापेक्षा जास्त बाहेर राहणार असाल, किंवा तुम्ही कामावर गेलात तरी दारापाशी ओरडणारं मांजर असेल, तर दोन भेटी पुरत नाहीत. रात्री घरी झोपायला येणारं माणूस बघा. चार महिन्यांखालच्या पिल्लाला या सेवेवर ठेवूच नका, ते नातेवाइकाकडे किंवा तुमच्याबरोबर. निपाणी, चिकोडी, खानापूरच्या गावांत पैसे देऊन असं माणूस सहज मिळत नाही. तिथे शेजाऱ्यांना तोच कागद द्या, आणि मांजर बाहेर हिंडणारं असेल तर नसबंदी प्रवासाच्या बरीच आधी उरकून घ्या.

पैसे दिवसावर न ठरवता भेटीवर ठरवा, म्हणजे हुकलेल्या भेटीचा वाद होत नाही. निम्मे आधी, निम्मे परत आल्यावर. आणि एका कागदावर सही करून लिहून द्या की गरज पडल्यास अमुक रकमेपर्यंतचे उपचार तुम्हाला न विचारता करावेत. ती रक्कम दवाखान्यातही कळवून ठेवा, म्हणजे तुमचा फोन लागला नाही तरी उपचार थांबणार नाहीत.