हेडलॅम्प दोन पावसाळे वापरल्यानंतर: लाल दिव्याला वेगळं बटण हवंच

सर्व्हिस सेंटरकडून हेडलॅम्प काल जसाच्या तसा परत आला. सोबत चिठ्ठी: आत ओलावा सापडला, वॉरंटी लागू होत नाही. जाण्यायेण्याच्या कुरिअरचे ३४० रुपये गेले आणि जुलैतले २१ दिवस गेले. बेडकांच्या सर्वेक्षणात जुलैचे २१ दिवस म्हणजे काय, हे ज्यांनी ते काम केलंय त्यांना सांगायला नको.

लुमेन किती, वजन किती, हे सगळं खोक्यावर छापलेलं आहे, ते पुन्हा लिहीत नाही. मागच्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात साताऱ्यात २,१५० रुपयांना घेतला. माझं काम हंगामी, रोजावरचं. पहिल्या पावसापासून सप्टेंबर संपेपर्यंत पाटण तालुक्यातले सडे (डोंगरमाथ्यावरची खडकाळ पठारं) आणि ओढे, मधूनमधून शिराळ्याच्या बाजूनं चांदोलीचा काठ. बाकीचे महिने शिकवण्या घेते. बूट, रेनकोट, दिवा ज्याचा त्यानं आणायचा असतो. त्यामुळे दोन हजारांच्या वस्तूनं निदान तीन पावसाळे काढावेत अशी माझी अपेक्षा होती, आणि ती जास्त होती असं मला आजही वाटत नाही.

उजेडाबद्दल तक्रार नाही. भरपूर आहे, पिवळट नाही. पट्टा चिंब होऊनही सैल पडत नाही, आणि मुख्य म्हणजे तो सुटा करून धुता येतो. एका ओढ्यावरून दुसऱ्या ओढ्यावर जाताना आम्ही बूट, काठी, जाळी सगळं घासून जंतुनाशकात बुडवतो, कारण कायट्रिड बुरशी माणसांच्या चिखलातून एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाऊ शकते. त्या बुरशीनं जगभरात बेडकांच्या कितीतरी जाती संपवल्या, आणि सह्याद्रीतल्या बेडकांवरही ती सापडलेली आहे. कपाळाचा घाम आणि चिखल पिऊन बसलेला, न निघणारा पट्टा मला चालला नसता. पहिल्या महिन्यात मी इतकी खूश होते की बरोबरच्या दोघींनाही हाच दिवा घ्यायला लावला.

आता बटण.

या दिव्याला एकच बटण आहे. पहिल्यांदा दाबलं की पूर्ण पांढरा, मग मध्यम, मग मंद, मग लुकलुकणारा, आणि पाचव्यांदा लाल. लाल बंद करून पुन्हा लावायचा तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे लाल उजेड हवा असेल तेव्हा आधी समोरच्या जिवाच्या डोळ्यांवर पूर्ण झोत, वर लुकलुकणंही. एका रात्री मी मुद्दाम मोजलं: आठ ते अकरा या तीन तासांत मला लाल दिवा १७ वेळा लागला. ज्यानं हे बटण केलं तो लाल दिव्याचा उपयोग तंबूत पुस्तक वाचायला होतो असं धरून चालला असावा. आमच्या कामात लाल दिवा सगळ्यात आधी लागतो.

महाबळेश्वर भागातल्या ओढ्यांवर रातबेडूक असतो, निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी. पाण्यावर झुकलेल्या पानावर किंवा दगडावर नर बसतो आणि ओरडतो. मादी तिथे येऊन अंडी घालते, पिल्लं फुटली की खाली पाण्यात पडतात. याच बेडकाबद्दल २०१६ मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला की नर मादीला घट्ट पकडत नाही, नुसता तिच्या पाठीवर बसतो, आपलं वीर्य पाठीवरच सोडून निघून जातो, आणि मादी अंडी नंतर घालते. जगातल्या बाकी बेडकांत न दिसलेली ही पद्धत आपल्या सह्याद्रीत आहे. हे पाहायचं तर माणसानं अंधारात, न हलता, बेडकाला आपण आहोत हे विसरायला लावून बसावं लागतं. पांढरा झोत पडला की ओरडणं थांबतं. मी दहा मिनिटं थांबले आहे, वीस मिनिटं थांबले आहे. काही नर पुन्हा सुरू करतात, काही त्या रात्री करतच नाहीत. तक्त्यात मग ‘आवाज नाही’ अशी नोंद जाते, आणि ती नोंद खोटी असते. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. दिव्याच्या एका बटणामुळे ओढा मुका ठरतो.

आमच्याबरोबर वाटाडे म्हणून येणारे तात्या गावातलेच. त्यांच्याकडे सेलची साधी बॅटरी आहे. पहिल्याच आठवड्यात ते मला म्हणाले, “ताई, तुमचा दिवा लागला की त्यो गप हुतोय बघा. हात धरा की त्याच्यावर.” आणि त्यांनी दाखवलं. बॅटरीच्या तोंडावर पंजा झाकायचा आणि मग खटका दाबायचा. बोटांतून जो उजेड झिरपतो तो लालच असतो. तेव्हापासून मीही बटण दाबण्याआधी कपाळावर पंजा धरते, पाचव्यांदा दाबून झालं की काढते. पण हात मोकळे असायला हवेत म्हणूनच तर हेडलॅम्प घेतात. एका हातात थर्मामीटर, दुसऱ्यात पाटी, आणि जळवांसाठी ठेवलेल्या मीठ-तंबाखूच्या पुरचुंडीला लागलेली बोटं बेडकाजवळ न्यायची नाहीत म्हणून वर ओले हातमोजे. त्या मोज्यांतून ते बोटभर रुंदीचं बटण नीट दाबलंही जात नाही. चारदा दाबलं की पाचदा, कळत नाही, आणि चुकलं की फेरी पुन्हा पहिल्यापासून.

पाण्याचं बोलायचं तर खोक्यावर आयपीएक्स ४ लिहिलंय. त्याचा अर्थ कुठल्याही बाजूनं उडालेलं पाणी चालेल, बुडालेला चालणार नाही. मी बुडवला नाही. पण महाबळेश्वर, नवजा, कोयनानगर या पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. इथे झड लागली की चार चार तास एकाच जोरानं कोसळते. ‘उडालेलं पाणी’ हे शब्द शहरातल्या रिमझिमीचे आहेत. यंदा जूनच्या अखेरीस चार्जिंगच्या खाचेवरचं रबरी बूच नीट बसेनासं झालं, आणि ५ जुलैच्या रात्री सड्याच्या मध्यावर दिवा दोनदा फडफडून विझला. तात्यांच्या बॅटरीवर आम्ही चौघं परत आलो. धुकं इतकं होतं की पुढच्या माणसाची पाठ दिसत नव्हती.

फोनवरच्या माणसाला मी विचारलं की पावसातला फोटो खोक्यावर छापता, तर पाऊस वॉरंटीत का नाही? तो म्हणाला, मॅडम, तो फक्त फोटो आहे.

इथपर्यंतचं जुलैच्या शेवटी लिहून ठेवलं होतं आणि खाली ‘घेऊ नका’ असं लिहिणार होते. आज सप्टेंबर संपत आलाय आणि मला बरंच बदलावं लागतंय.

ऑगस्टच्या सुरुवातीला कराडला कामासाठी गेले होते, तेव्हा दिवा पिशवीत होता. मोबाइल दुरुस्तीच्या एका छोट्या दुकानात सहज दाखवला. तिथल्या मुलानं तो दहा मिनिटांत उघडला. खाचेत हिरवट गंज धरला होता, बाकी आतली सर्किटची पट्टी ठीक होती. गंज साफ केला, बुचाखाली सिलिकॉनची कड भरली. मी बटणाची सगळी रड सांगितली, तर तो म्हणाला, लाल एलईडी वेगळाच आहे, त्याला स्वतंत्र खटका काढून देऊ का? डाव्या कुशीला छिद्र पाडून रबरी टोपीचा छोटा खटका बसवून दिला. सगळे मिळून २५० रुपये. जे कंपनीनं २१ दिवस ठेवूनही केलं नाही ते त्यानं मी चहा पिऊन येईपर्यंत केलं.

तेव्हापासून कामाच्या २३ रात्री झाल्या. पाणी शिरलेलं नाही. आणि लाल खटका! पंजा धरायला नको, मोजायला नको, मोज्यातूनही अंगठ्यानं बरोबर सापडतो. एक दोष मात्र लक्षात ठेवा: हा खटका दिव्याच्या आतल्या बंदोबस्ताला वळसा घालून थेट सेलला जोडलेला आहे. पिशवीत चुकून लाल चालू राहिला तर सेल पार रिकामा होईपर्यंत जळत राहतो आणि लिथियमचा सेल त्यानं कायमचा खराब होऊ शकतो. म्हणून मी परतल्यावर रोज पहिलं काम म्हणजे पिशवीत हात घालून तो खटका तपासते.

मी नुसती लाल उजेडाची बाजू घेतेय असं वाटू नये म्हणून दोन गोष्टी सांगायलाच हव्यात.

पहिली चापड्याची. ऑगस्टच्या मध्यावर कारवीच्या झुडपांतून जाताना मी बेडकांचं ओरडणं थांबू नये म्हणून लाल दिव्यावरच चालत होते. तात्यांनी काठी आडवी घातली. माझ्या गुडघ्याच्या उंचीवर फांदीला चापडा वेटोळं घालून बसलेला. हिरवा साप लाल उजेडात हिरवा दिसतच नाही, काळा दिसतो, आणि काळ्या पानांत काळा. विषारी आहे, आणि बेडूक खायला तोही तिथेच येतो जिथे आपण येतो. त्या रात्रीपासून आमचा नियम ठरला: पाय चालत असताना मंद पांढरा, पाय थांबले की लाल. म्हणजे दोन उजेड एकमेकांच्या शेजारी, एका अंगठ्याच्या अंतरावर हवेत. पाच पायऱ्यांच्या बटणात हे बसत नाही, वेगळ्या खटक्यात बसतं.

दुसरी कोयना भेकाची. सगळ्या सर्वेक्षणात ज्याच्यासाठी जीव अडकलेला असतो तो हाच. झँथोफ्रायनी कोयनाएन्सिस. १९६३ मध्ये सोमण यांनी कोयनेच्या हुंबरळी परिसरातून त्याची ओळख करून दिली. या वंशात (जीनसमध्ये) दोनच जाती, एक हा आणि दुसरा २००९ मध्ये वेगळा ओळखला गेलेला आंबोलीचा. अंगठ्याच्या पेराएवढा जीव, आणि अंगावर गडद पिवळ्या रंगाचे डाग. ते डाग ही त्याची ओळख. पण लाल उजेडात पिवळा आणि पांढरा सारखेच दिसतात. मागच्या वर्षी मी एक भेक लाल उजेडात पाहून ‘खात्री नाही’ असं लिहिलं आणि पुढे गेले, ते मला अजून टोचतं. आता आधी लाल उजेडात जवळ जायचं, आवाज आणि जागा टिपायची, मग दोन सेकंद मंद पांढरा, रंग पाहायचा, फोटो, पुन्हा लाल. नेमका सडा कुठला ते लिहीत नाही, विचारूही नका. परवानगीशिवाय रात्री तिथे जाणं नियमानं चालत नाहीच, आणि एवढ्याशा जागेत उरलेल्या जिवाला फोटोवाल्यांची जत्रा सोसणार नाही.

दिवसा हा दिवा फारसा लागत नाही. देवगांडूळ (गांडुळासारखा दिसणारा, बेडकांच्या नात्यातला जीव) शोधायला आम्ही खुरप्यानं ओला पाचोळा आणि दगडाखालची माती हलवतो, तेव्हा घळीत मध्यम उजेड पुरतो. हुंबरळीतूनच २००४ मध्ये देवगांडुळाची एक नवी जात नोंदली गेली, इंडोटायफ्लस महाराष्ट्राएन्सिस. गावात अजून लोक त्याला सापाचं पिल्लू समजून मारतात. बांधावर दिसला तर तेवढं शेजाऱ्यांना सांगा, त्याला पाय नसले तरी तो बेडकाच्याच भाऊबंदांतला आहे आणि त्याच्यापासून माणसाला धोका नाही.

धुक्यात कुठलाही हेडलॅम्प कपाळावर निरुपयोगी आहे, उजेड थेंबांवर आपटून डोळ्यांतच परत येतो. पट्टा कमरेला बांधा, पायवाट दिसते. उलट झाडबेडकांचे चमकणारे डोळे शोधायचे तर दिवा डोळ्यांजवळच हवा, कमरेवरून ती चमक परत येत नाही. आणि वाडीत दोन दोन दिवस वीज नसते, तेव्हा चार्जिंगचा दिवा घेणाऱ्यांनी भरलेली पॉवर बँक धरूनच हिशेब करावा. साधे सेल हेळवाकला दुकानात मिळतात, हा तात्यांच्या बॅटरीचा फायदा मी आधी मोजला नव्हता.

घ्यावा का? ज्यांच्या ओळखीत असा दुरुस्ती करणारा आहे त्यांनी घ्यावा, उजेड आणि पट्टा पैसे वसूल करतात. बाकीच्यांनी ५००-७०० रुपये जास्त घालून लाल दिव्याचं वेगळं बटण असलेला घ्यावा. दुकानात ओला हातमोजा घालून लाल लावून पाहा. आधी पांढरा पेटला तर परत द्या. माझ्या बोलण्यावर ज्या दोघींनी हाच दिवा घेतला, त्यांचेही दिवे मी कराडला नेऊन देणार आहे, पैसे माझे.

एक सांगायचं राहिलं. परवा ओढ्यावर नर सलग ओरडत होता, मी तीन हातांवर, लाल उजेडात. पेन्सिलनं वेळ लिहिली ९:४२, आणि तक्त्यातले रकाने दिसेनात. आमचे तक्ते लाल रेघांचे आहेत, लाल उजेडात त्या रेघा कागदात विरून जातात. अंदाजानं लिहिलं, तंबूत येऊन बरोबर रकान्यात उतरवलं. पुढच्या वर्षीचे तक्ते काळ्या शाईत छापून घ्यायला सांगितलेत.