इस्तंबूलमध्ये दाढीचा ब्रश घेताना मी कसा गंडलो

आधीच सांगतो, गेलेली रक्कम आठ हजारांच्या आसपास आहे, म्हणजे घरदार विकायची वेळ आलेली नाही. पण मी गेली दहा-बारा वर्षं डबल एज रेझर, ब्रश, साबण अशी साग्रसंगीत दाढी करणारा माणूस, ऑफिसातली पोरं ब्लेड कुठलं घेऊ म्हणून मला विचारतात, आणि नेमका मीच गंडलो. लिहायला एवढे दिवस लागले कारण लाज वाटत होती. आता ओळखीतली दोन कुटुंबं तिकडे निघालीत आणि दोघांनीही "तुला काही आणायचं का तिकडून?" विचारलं, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

२०२३ चा ऑक्टोबर. मी आणि बायको, इस्तंबूल, पाच दिवस. एक लिरा म्हणजे तेव्हा साधारण तीन रुपये. माझी यादी पुण्यातूनच ठरलेली होती: आर्को साबणाच्या कांड्या, डर्बीची ब्लेड, लिंबाच्या वासाचं कोलोन्या (तिकडचं कोलोन) आणि जमला तर एक बॅजरचा ब्रश. ब्रशमागे घरगुती कारण आहे. माझ्याकडे इटलीचा ओमेगा होता, बोअर, म्हणजे डुकराच्या केसांचा, फेस असा काढायचा की बघत राहावं, पण तो कशाचा आहे हे कुणीतरी आईला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी ब्रश बाथरूमच्या खिडकीबाहेर कुंडीत उभा. बॅजर हा काय प्राणी आहे हे आईला माहीत नाही, आणि मीही सांगणार नाहीये.

शनिवार होता. सकाळी पहिला फटका बसला तो वेगळ्याच ब्रशचा. काराकॉयजवळ फुटपाथवरून चाललो होतो, पुढून बूटपॉलिशवाला आपली पेटी घेऊन गेला आणि त्याचा ब्रश खाली पडला. मी आपला संस्कारी, उचलला, हाक मारून दिला. त्याचे डोळे भरून यायचेच बाकी, "भाई, थँक्यू, तुझे बूट फुकट करून देतो" म्हणत त्याने मला थांबवलंच, माझ्या पायात स्पोर्ट्स शूज, त्याला पॉलिश काय करणार, तरी घासले, आणि मग मुलगा हॉस्पिटलमध्ये आहे, चारशे लिरा दे. दोनशेवर सुटलो. नंतर कळलं की ही तिथली जुनी प्रसिद्ध ट्रिक आहे, ब्रश पडत नाही, पाडतात. बायको दिवसभर हसत होती आणि मी मनात म्हणत होतो चला, आजचा कोटा संपला.

दुपारी ग्रँड बाजार. ट्रामने बेयाझितला उतरलं की समोरच. पंधराव्या शतकातला बाजार, छपराखाली साठेक गल्ल्या आणि हजारोंनी दुकानं, आत शिरल्यावर दिशा वगैरे विसरायचं. एका गल्लीत पितळेचं सामान, बुद्धिबळाचे पट, जुनी घड्याळं असलं विकणारं छोटं दुकान होतं आणि काचेच्या कपाटात दाढीचं सामान मांडलेलं. मी काचेला नाक लावलं तिथेच त्याने ओळखलं असणार. "इंडिया? वेलकम माय फ्रेंड", चहा आला, तो पेल्यातला छोटा, बसलो.

त्याने पहिल्यांदा काढला वस्तरा. पात्यावर मोठ्ठं झोलिंगेन लिहिलेलं. आता हे मला माहीत होतं की झोलिंगेन हे जर्मनीतलं पात्यांचं गाव, त्या नावाला १९३८ पासून तिथे कायद्याचं संरक्षण आहे, त्या भागात बनलेल्या मालावरच ते टाकता येतं. आणि या पठ्ठ्याच्या वस्तऱ्यावर जर्मनीचं स्पेलिंगच चुकलेलं, एक अक्षर गायब! मी हसलो, त्याला बोट लावून दाखवलं. तो पण हसला, कपाळाला हात लावला, "यू आर एक्सपर्ट" म्हणाला आणि वस्तरा आत ठेवला. मी काय फुगलो म्हणून सांगू. बायकोकडे बघितलं, म्हटलं बघ, इथे लोक असे फसतात.

आज विचार केला की वाटतं तो वस्तरा विकायला ठेवलेलाच नव्हता. तो मी पकडावा म्हणून होता.

मग त्याने खालच्या ड्रॉवरमधून, फडक्यात गुंडाळलेला ब्रश काढला. काही बोलला नाही. मीच विचारलं, "बॅजर?" तो म्हणाला येस, पोर्सुक, बॅजर. मी म्हटलं "प्युअर की सिल्व्हरटिप?" (बॅजरच्या केसांच्या या दोन प्रती, सिल्व्हरटिप वरची.) "सिल्व्हरटिप, सिल्व्हरटिप." मी म्हटलं "मूठ शिंगाची वाटते", तो म्हणाला "येस, हॉर्न, व्हेरी ओल्ड मास्टर". आत्ता लिहिताना कळतंय, त्याने स्वतःहून एकही शब्द सांगितला नव्हता हो. सगळी माहिती मी पुरवत होतो आणि तो फक्त मान डोलवत होता. लग्नाच्या बोलणीत असं कुणी केलं असतं तर मीच आधी उठलो असतो.

आणि मधेच, अगदी आपुलकीने, "किती दिवस आहात? कधी निघणार?" मी सांगितलं सोमवारी पहाटेची फ्लाइट. हा प्रश्न लक्षात ठेवा.

साडेचार हजार लिरांपासून सुरुवात, मी उठून दाराशी दोनदा जाऊन आलो, चोवीसशेला तुटलं. वर त्याने एक छोटी लाकडी डबी ठेवली, आत पांढरा स्फटिकासारखा चौकोनी दगड, "ओटोमन बार्बर स्टोन, गिफ्ट फॉर यू". कार्ड दिलं. मशीन त्याच्याच हातात, त्याने दोन-तीन बटणं दाबली आणि पिन टाकायला माझ्यासमोर धरलं, मी टाकला. चोवीसशे लिरा म्हणजे बहात्तरशे रुपये व्हायला हवेत, मेसेज आला ७,७७६ चा. मशीन विचारतं की लिरात घेऊ की तुमच्या देशाच्या चलनात, त्याने परस्पर रुपये निवडले, आणि रुपयांचा तो रेट त्यांच्या मशीनवाल्याच्या मर्जीचा असतो. बँकेने आपला चार्ज लावला तो आणखी वेगळाच. परदेशात कार्ड मशीन स्वतःच्या हातात घ्या, लिरा दिसत असेल तर लिराच दाबा, घाईत असलात तरी.

तिथून उतारावरून महमूदपाशाच्या गर्दीतून खाली एमिनोनूकडे चालत आलो. मसाला बाजाराच्या मागे ताहताकाले नावाचा भाग आहे, तो म्हणजे आपली बोहरी आळी समजा, होलसेल, दोऱ्या, डबे, प्लास्टिक, चाळण्या, आणि न्हाव्यांचं सामान विकणारी दुकानं. हे मला आधी का नाही सुचलं हा प्रश्न बायकोने विचारला, मी उत्तर दिलं नाही. तिथे आर्कोच्या कांड्या ७५ ग्रॅमच्या, एकेक शंभर-सव्वाशे रुपयाला, डर्बीच्या डब्या, सगळं खरं आणि स्वस्त. इथे एक छोटी सूचना, फसवणूक नाही पण फसायला होतं: शंभर ब्लेडचं जे पाकीट न्हाव्यांसाठी असतं त्यात अर्धी पाती असतात, एकाच धारेची, त्यांच्या वस्तऱ्यात बसणारी. आपल्या डबल एज रेझरला ती उपयोगाची नाहीत. मी हातात घेतलं होतं, दुकानदार काकांनीच मान हलवून परत ठेवायला लावलं. (आणि शाकाहारी मंडळी, आर्कोच्या वेष्टनावर टॅलोवेट लिहिलेलं असतं, ती चरबी आहे, बघून घ्या.)

त्याच दुकानात वर दोरीला ब्रश लटकत होते. आठ-दहा. त्यातला एक बघितला आणि पोटात गोळा आला. तीच मूठ, तोच तपकिरी-काळा रंग, तेच कडं. काकांना इंग्रजी येत नव्हतं, मी केसांकडे बोट करून खुणेने विचारलं हे काय, ते म्हणाले "आत". मी नुसताच बघत राहिलो तर त्यांनी काउंटरवर दोन बोटं टकटक टकटक दौडवली आणि चक्क खिंकाळले. घोडा. तुर्कस्तानात घोड्याच्या केसांचे ब्रश पूर्वापार वापरात आहेत, काही वाईट नसतात, रोज वापरणारे लोक आहेत. किंमत एकशे ऐंशी लिरा.

तरीही माणसाचं मन कसं असतं बघा. ट्राममध्ये बसून मी बायकोला समजावत होतो की हे त्याचं स्वस्त कॉपी आहे, माझा खरा आहे, रंगात फरक आहे नीट बघितलं तर.

रात्री हॉटेलात बेसिनमध्ये गरम पाणी सोडलं आणि ब्रश बुडवला. अर्ध्या मिनिटात केसांच्या बुडापासून एक तपकिरी धागा पाण्यात उतरायला लागला, मग दुसरा, मग सगळं बेसिन कोऱ्या चहासारखं. बाहेर काढून झटकला तर केसांवर मधोमध काळा पट्टा जिथे होता तिथे जांभळट डाग आणि टोकं पिवळी पडलेली. वास ओल्या घोंगडीचा. खऱ्या बॅजरला पट्टा असतो, पण केस बाजूला सारून मुळाशी बघितलं तर बुडाला परत फिकट दिसतो आणि पट्ट्याच्या कडा जराशा धूसर असतात. माझ्या ब्रशचा पट्टा पट्टी लावून आखल्यासारखा सरळ होता, हे मी दुकानात दोनदा बघितलं होतं आणि "वा, काय एकसारखा आहे" म्हणालो होतो.

बायकोने तोवर पिशवीतून निळ्या नजरेचं (दृष्ट लागू नये म्हणून तिकडे ठेवतात त्या निळ्या डोळ्याचं) फ्रिज मॅग्नेट काढलं, सोसायटीत वाटायला घेतलेलं, आणि सहज मुठीच्या बुडाला लावलं. टक्. चिकटलं. शिंगाला लोहचुंबक! खालचं हिरवं कापड नखाने सोलून काढलं तर आत डिंकाने बसवलेली लोखंडी चकती, वजन यावं म्हणून. बाजूने साच्याची बारीक रेघ वरपासून खालपर्यंत.

आणि ओटोमन बार्बर स्टोन तिने डबी उघडल्या उघडल्या ओळखला. "अहो ही तुरटी आहे." होतीच. मलाही दिसत होती, पण फुकट मिळाली म्हणून डोळे मिटले होते. मग पावती नीट उलगडली तर फुकट कसली, तुरटीचे तीनशे लिरा वेगळे लावून चोवीसशे केलेले. नऊशे रुपयाची तुरटी. आमच्या खालच्या वाण्याकडे वीस रुपयाला खडा येतो.

सकाळी तावातावाने निघालो परत करायला, रिसेप्शनवरच्या मुलाने विचारलं कुठे, आणि म्हणाला आज रविवार, ग्रँड बाजार बंद. रविवारी तो पूर्ण बंदच असतो. शनिवारी दुपारी घेतलंय, सोमवारी पहाटे उडायचंय. कधी निघणार हे त्याने का विचारलं ते तेव्हा डोक्यात शिरलं. तुम्हाला कुणी असं विचारलं तर सांगा अजून आठवडाभर आहे, उद्या मित्राला घेऊन येतो. काही घ्यायचंच असेल तर आल्या आल्या घ्या, हॉटेलवर भिजवून बघा, परत जायला दिवस हातात ठेवा.

पुण्याला आल्यावर बँकेत तक्रार टाकली. त्यांनी पावती मागितली, मी पाठवली, तिच्यावर बॅजरचा ब असं काही नव्हतंच, "हेदियेलिक एश्या" असं छापलेलं, म्हणजे भेटवस्तू. आणि खाली इंग्रजीत ओळ की कार्डधारकाने स्वखुशीने रुपयांत पैसे द्यायचं निवडलं आहे. पिन माझा, सही नको. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, तक्रार बंद. त्यांची चूक नाही, त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. महागाची वस्तू घेताना पावतीवर ती कशाची आहे ते लिहून मागायचं, विकणारा तेवढ्यावरून कुरकुरला तर तिथेच उठायचं, हे एवढं केलं असतं तरी पुरलं असतं.

ब्रश फेकला नाही. बायको त्याने शिलाई मशीनच्या खाचा साफ करते, त्या कामाला फार चांगला आहे म्हणते, तरी वर्षभर केस गळतच होते. साबण संपले, ब्लेड अजून एक डबी आहे. आईने ओमेगा कुंडीतून कधी उचलला आणि कुठे टाकला ते काही सांगितलेलं नाही. तुरटी तेवढी अस्सल निघाली, रोज दाढीनंतर फिरवतो, अजून अर्धी शिल्लक आहे.