बँडकॅम्प : गाणे विकणारे दुकान आणि श्रोत्याचा पत्ता

पुण्यात राहून मराठी गाणी करणारा, कोणत्याही कंपनीशी करार नसलेला आमचा चौघांचा बँड गेली काही वर्षे आपली ध्वनिमुद्रणे बँडकॅम्प या संकेतस्थळावर विकतो आहे. नव्याने बँड काढलेली मुले भेटली की बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात : स्पॉटिफाय आणि यूट्यूब असताना आणखी एका ठिकाणी खाते कशाला उघडायचे? त्या प्रश्नाचे नीट उत्तर द्यावे म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो. विक्रीचे दुकान म्हणून ही सेवा चांगलीच आहे. पण तिचे खरे मोल असे की, गाणे कोणी घेतले आणि तो माणूस कुठे राहतो हे ती बँडला कळू देते. फिरतीवर जगणाऱ्या कलाकाराला यापेक्षा उपयोगाची माहिती दुसरी नाही. भारतातल्या बँडला मात्र या माहितीचा अर्धाच लाभ होतो, आणि तीच या सेवेची सर्वांत मोठी उणीव आहे.

आधी व्यवहार. अमेरिकेत २००८ साली सुरू झालेल्या या सेवेवर खाते उघडायला पैसे लागत नाहीत. किंमत बँड ठरवतो. किमान किंमत ठेवून श्रोत्याला हवे तर त्याहून जास्त देण्याची मुभाही ठेवता येते, आणि ती मुभा जरूर ठेवावी, कारण प्रेमाने ऐकणारा माणूस पुष्कळदा स्वतःहून जास्त देतो. डिजिटल विक्रीवर सेवेचा वाटा १५ टक्के आहे, विक्री ५,००० डॉलरांपलीकडे गेली की तो १० टक्क्यांवर येतो. टी-शर्ट, कॅसेट, तबकडी अशा वस्तूंवर तो पहिल्यापासून १० टक्केच आहे. पैसे पोहोचवणाऱ्या कंपनीचे शुल्क याखेरीज. म्हणजे सात डॉलरांचा एक अल्बम परदेशात विकला गेला की बँडच्या हातात साधारण सव्वापाच डॉलर पडतात. याउलट स्पॉटिफायच्या २०२४ पासूनच्या नियमानुसार जे गाणे मागच्या बारा महिन्यांत १,००० वेळाही ऐकले गेले नाही, त्याच्या ध्वनिमुद्रणाचे मानधनच मिळत नाही. मराठीत प्रयोगशील गाणी करणाऱ्या छोट्या बँडची कितीतरी गाणी या रेषेखाली राहतात. शंभर चाहत्यांनी एखादे गाणे वर्षभरात प्रत्येकी नऊ वेळा मनापासून ऐकले, तरी तिथे हिशेब शून्याचा. बँडकॅम्पवर त्याच शंभरांपैकी दहा जणांनी अल्बम विकत घेतला, तर पुढच्या गाण्याच्या मिक्सिंगच्या खर्चाला चांगला हातभार लागतो.

ध्वनीच्या दर्जाबद्दल तक्रारीला जागा नाही. गाणे वेव्ह किंवा फ्लॅकसारख्या मूळ दर्जात चढवावे लागते, आणि घेणाऱ्याला एमपी-३ पासून फ्लॅकपर्यंत हव्या त्या प्रकारात ते उतरवून घेता येते. गाण्याचे शीर्षक, शब्द, श्रेयनामावली हे सगळे देवनागरीत देता येते.

आता फिरतीचा मुद्दा, ज्यासाठी मी ही सेवा सोडणार नाही. नारायणगावात चैत्री जत्रांच्या आधी तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावची माणसे तिथे येऊन सुपारी ठरवतात, आणि कोणते गाव आपल्याला दरवर्षी बोलावते हे फडमालकाला पक्के ठाऊक असते. त्या ज्ञानावरच त्याचा हंगाम उभा असतो. शहरातल्या बँडजवळ हे ज्ञान नसते. यूट्यूबवर आकडा दिसतो, शहरांची टक्केवारीही दिसते, पण त्या आकड्यातल्या एकाही माणसाला आपण पत्र लिहू शकत नाही. बँडकॅम्पवर खरेदी करणाऱ्याचा ईमेल पत्ता बँडला मिळतो, ती यादी उतरवून आपल्याजवळ ठेवता येते, आणि ठरावीक भागातल्या चाहत्यांनाच निरोप पाठवण्याचीही सोय आहे. बंगळूरला कार्यक्रम असेल, तर तो निरोप टोरांटोच्या श्रोत्याला पाठवून त्याला कंटाळा आणण्याचे कारण उरत नाही.

ज्यांनी कधी फिरतीचा जमाखर्च मांडला असेल त्यांना याचे महत्त्व लगेच कळेल. चार वादक, ध्वनिव्यवस्था पाहणारा एक जण, झांजा आणि स्नेअर ड्रम घेऊन केलेला रेल्वेचा प्रवास, एका मुक्कामाचे भाडे, आणि समोर कॅफेवाल्याने देऊ केलेला दरवाजाच्या, म्हणजे तिकिटांच्या, वसुलीतला हिस्सा, असा सगळा मामला असतो. तीस माणसे येणार की ऐंशी, यावर ती फेरी पदरमोड करून करायची की नाही हे ठरते. यादीत त्या शहरातली पंचवीस नावे असतील, तर त्यांना महिनाभर आधी लिहून विचारता येते, आणि आलेल्या उत्तरांवरून जागा लहान घ्यायची की मोठी याचा अंदाज बांधता येतो. आमच्या बँडने कार्यक्रम घ्यायचे शहर अशा उत्तरांवरून ठरवले आहे आणि रद्दही केले आहे. कार्यक्रमाच्या ठिकाणी सीडी नेण्याऐवजी आम्ही डाउनलोड कोड छापलेली छोटी कार्डे ठेवतो. बॅगेत जागा लागत नाही, आणि माणूस घरी जाऊन कोड वापरतो तेव्हा त्याच्याशी पुढचा संपर्क राहण्याची वाट उघडते.

इथेच ती मोठी उणीव आडवी येते. भारतीय कलाकाराला बँडकॅम्पवरचे पैसे पेपाल या ऑनलाइन पैसे पोहोचवणाऱ्या कंपनीच्या खात्यातून मिळतात, आणि पेपालने भारतातल्या भारतात पैसे पोहोचवण्याची सेवा १ एप्रिल २०२१ पासून बंद केली. तेव्हापासून तिथे फक्त परदेशाशी होणारे व्यवहार चालतात. परिणाम असा की न्यू जर्सीतला मराठी माणूस आमचा अल्बम दोन मिनिटांत विकत घेऊ शकतो, आणि सदाशिव पेठेतला श्रोता इच्छा असूनही सरळपणे घेऊ शकत नाही. ज्या देशात भाजीवालीच्या टोपलीपाशीही यूपीआयची चौकट लावलेली असते, तिथल्या श्रोत्यासाठी ही अडचण फार मोठी आहे. आपल्या शहरात आपल्याला उभे करणारा श्रोताच त्या यादीतून वगळला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते. बँडकॅम्पने भारतीय पैसे-व्यवहाराशी जोडून घेतले, तर इथल्या स्वतंत्र संगीताचे अर्थकारण खरोखर हलू शकेल, असे मी पूर्ण विचाराने म्हणतो.

तोवर एक उपाय उपयोगी पडतो. एखादे गाणे मोफत ठेवावे, आणि ते उतरवून घेण्यासाठी ईमेल पत्ता देणे आवश्यक करावे. तशी सोय सेवेतच आहे, फक्त मोफत डाउनलोडांच्या संख्येवर मर्यादा असते, ती पाहून घ्यावी. त्या गाण्यावर पैसे मिळत नाहीत, पण नाशिकचा, कोल्हापूरचा, पणजीचा श्रोता यादीत येतो. अल्बमची देशातली विक्री मग वेगळी, कार्यक्रमाच्या टेबलावर यूपीआयने करावी. मोफत गाणे देऊन श्रोता जोडण्याची वाट आपल्याकडे नवी नाही. दिल्लीच्या इंडियन ओशन या बँडने २०१० मध्ये आपला एक संपूर्ण अल्बम दर महिन्याला एक गाणे याप्रमाणे मोफत दिला होता.

वस्तूंच्या विक्रीबाबत सध्या जपून पाऊल टाकावे लागेल. अमेरिकेने ८०० डॉलरांपर्यंतच्या पार्सलांना असलेली शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून घेतली, आणि त्या सुमारास भारतीय टपाल खात्याने अमेरिकेची पार्सलसेवा काही आठवडे थांबवली होती. ती पुन्हा सुरू झाली असली, तरी शुल्क आणि टपालखर्च मिळून टी-शर्टच्या मूळ किमतीला मागे टाकतात. परदेशी श्रोत्यासाठी आता डिजिटल अल्बमच ठेवावा, असे माझे मत आहे.

एकत्र काम करण्याच्या बाबतीत ही सेवा अर्धवट मदत करते. पाहुण्या कलाकाराचे नाव गाण्यावर ठळक देता येते, श्रेयनामावली हवी तेवढी लांब लिहिता येते. इंडियन ओशनने २०१४ च्या अल्बममध्ये प्रत्येक गाण्याला एक पाहुणा कलाकार घेतला, त्यानंतर आपल्याकडे अशा प्रयोगांना चांगलीच गती आली. पण विक्रीचे पैसे एकाच खात्यात जमा होतात. ते चार वादक, कवी आणि पाहुणा हलगीवादक यांच्यात आपोआप वाटले जात नाहीत. वाटप बँडने करायचे असते. मोठ्या शहरातल्या गिटारवादकाला आपला वाटा मागता येतो. सातारा जिल्ह्यातल्या गावातून येऊन एका दिवसात तीन गाण्यांवर हलगी वाजवून गेलेला माणूस मागत नाही, कारण त्याला त्या दिवसाची बिदागी मिळाली की व्यवहार संपला असे वाटते. कायदा मात्र तसे म्हणत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ३८-अ नुसार सादरीकरणाचा व्यावसायिक उपयोग होत असेल, तर सादरकर्त्याला रॉयल्टीचा हक्क आहे. तुकोबांच्या अभंगावर कोणाचा स्वामित्वहक्क नाही, पण त्यावर आज पखवाज वाजवणाऱ्याच्या सादरीकरणावर त्याचा हक्क आहे. म्हणून मुद्रणाच्या आधीच एका पानाचा मराठी करार करावा, त्यात टक्केवारी लिहावी, आणि बँडकॅम्पचा विक्री-अहवाल उतरवून दर सहा महिन्यांनी त्याप्रमाणे पैसे पाठवावेत. अहवाल गाण्यागणिक आणि तारखेनिशी मिळतो, त्यामुळे हिशेब लपवायला जागा राहत नाही. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते नियमित करणाऱ्या बँडला लोककलावंत पुढच्या वेळी आनंदाने तारीख देतात.

मदतीसाठीच्या कार्यक्रमांशी या सेवेचे नाते जुने आहे, आणि त्याबद्दल मला तिचा आदर वाटतो. ३ फेब्रुवारी २०१७ ला तिने आपला त्या दिवसाचा वाटा अमेरिकेतल्या नागरी स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या संघटनेला दिला. २० मार्च २०२० ला, साथीमुळे सगळे कार्यक्रम बंद पडलेले असताना, तिने दिवसभराचा आपला वाटा सोडून दिला, आणि त्या एका दिवसात श्रोत्यांनी ४३ लाख डॉलरांची खरेदी केली. पुढे हे 'बँडकॅम्प फ्रायडे' म्हणून ठरावीक शुक्रवारी चालू राहिले. नवीन गाणे काढायचे तर असाच शुक्रवार धरावा.

बँडने स्वतः मदतनिधी जमवायचा असेल, तर काही गोष्टी आधी समजून घ्याव्यात. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला महापुराने वेढले, तेव्हा इथल्या अनेक कलाकारांप्रमाणे आम्हीही मदतीसाठी वाजवले आणि त्या संध्याकाळचे ध्वनिमुद्रण विक्रीला ठेवले. पैसे बँडच्या खात्यात येतात, संस्थेच्या नव्हे. गाणे घेणाऱ्याला आयकरात सवलत देणारी, ८०-ग म्हणून ओळखली जाणारी पावती मिळत नाही, कारण त्याने वस्तू विकत घेतलेली असते. देणगी बँड देतो. परदेशातला श्रोता संस्थेला थेट पैसे देऊ इच्छित असेल, तर त्या संस्थेकडे परकीय निधीची म्हणजे एफसीआरएची नोंदणी असावी लागते, आणि गावपातळीवर काम करणाऱ्या बहुतेक लहान संस्थांकडे ती नसते. त्यामुळे किती विक्री झाली, शुल्क किती गेले, कोणत्या तारखेला किती रक्कम कोणाला दिली, हे अल्बमच्या पानावरच्या वर्णनात लिहून टाकणे हा एकच सरळ मार्ग आहे. त्या चौकटीला शब्दांची फारशी मर्यादा नाही. तिचा हा उपयोग मला सर्वांत आवडतो. करासंबंधीच्या बाबी सनदी लेखापालाला विचारूनच कराव्यात.

मालकीबद्दलची चिंता मात्र दूर झालेली नाही. मार्च २०२२ मध्ये ही सेवा एपिक गेम्स या व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीने घेतली. दीड वर्षात ती साँगट्रेडर या संगीताचे परवाने विकणाऱ्या कंपनीकडे गेली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये जवळपास निम्म्या कर्मचाऱ्यांची नोकरी गेली. त्याच वर्षी तिथल्या कर्मचाऱ्यांनी संघटना उभी केली होती, हे लक्षात घेतले की ती बातमी अधिकच बोचते. श्रोत्याला आणि कलाकाराला दिसणारी सेवा अजून तशीच चालू आहे, वाट्याचे दरही तेच आहेत. तरीही आपले सगळे तिच्या हवाली करणे योग्य नव्हे. मूळ ध्वनिमुद्रणे दोन वेगळ्या डिस्कवर ठेवावीत आणि ईमेलची यादी दर महिन्याला उतरवून घ्यावी. महिना दहा डॉलरांची प्रो सेवा सुरुवातीला घेऊ नये. तिच्यातली जादा आकडेवारी आणि खासगी गाणी पाठवण्याची सोय फेरीचे नियोजन सुरू झाल्यावरच कामाला येते. ज्या बँडचे श्रोते आज फक्त महाराष्ट्रात आहेत, त्याने एका मोफत गाण्यापासून सुरुवात करावी. ज्याच्या गाण्यावर दुबईहून, लंडनहून किंवा न्यू जर्सीहून एकही प्रतिक्रिया आलेली आहे, त्याने या आठवड्यातच पूर्ण अल्बम चढवावा.