आरएफसी एराटा: कोणती चूक सुधारायची, हे ठरवणारी सेवा

इंटरनेटचे प्रोटोकॉल, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी बोलण्याचे नियम, ज्या आरएफसी नावाच्या दस्तऐवजांमध्ये लिहिलेले असतात, त्यांचा एक नियम पक्का आहे. आरएफसी एकदा प्रसिद्ध झाला की त्याच्या मजकुराला पुन्हा कुणी हात लावत नाही. १९६९ साली पहिला आरएफसी निघाला, आता त्यांची संख्या नऊ हजारांच्या वर गेली आहे. एवढ्या मजकुरात चुका असणारच. त्या मूळ दस्तऐवजात तशाच राहतात आणि त्यांची नोंद वेगळी ठेवली जाते. ही नोंद म्हणजे आरएफसी प्रसिद्ध करणाऱ्या ‘आरएफसी एडिटर’च्या साइटवरचा एराटा, म्हणजे शुद्धिपत्र, विभाग. मी मेल आणि डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधणारी यंत्रणा) यांच्या सॉफ्टवेअरवर काम करते. माझ्या ब्राउझरमध्ये हा विभाग जवळजवळ कायम उघडा असतो, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते आहे.

वाचायला पैसे लागत नाहीत, खातंही लागत नाही. आरएफसीचा क्रमांक टाकला की त्यावर आलेल्या सगळ्या तक्रारी समोर येतात. प्रत्येक तक्रारीचा साचा सारखाच असतो: अमुक सेक्शनमध्ये काय छापलंय, त्याऐवजी काय हवं होतं आणि का. तक्रार तांत्रिक आहे की संपादकीय, ते वर लिहिलेलं असतं. त्याखाली स्थिती असते. स्थिती चार प्रकारच्या: नुसती आलेली ती ‘रिपोर्टेड’, मान्य झालेली ती ‘व्हेरिफाइड’, फेटाळलेली ती ‘रिजेक्टेड’ आणि चौथी ‘हेल्ड फॉर डॉक्युमेंट अपडेट’, म्हणजे या दस्तऐवजाची पुढची आवृत्ती कधी निघालीच तर तेव्हा बघू म्हणून राखून ठेवलेली.

या सेवेची खरी किंमत या चार शब्दांत आहे. चूक शोधणं फारसं अवघड नसतं. ती मान्य करण्याइतकी मोठी आहे का, हे ठरवणं अवघड. आयईटीएफ या इंटरनेटचे प्रोटोकॉल ठरवणाऱ्या संघटनेच्या आरएफसींसाठी हा निर्णय कसा घ्यायचा, याची मार्गदर्शक तत्त्वं तिचं तांत्रिक काम सांभाळणाऱ्या आयईएसजी या गटाने २००८ साली लिहून काढली आणि २०२१ साली ती सुधारली. त्यांचा गाभा मला मनापासून पटतो. ज्या चुकीमुळे प्रोटोकॉल लिहिणाऱ्याचा किंवा चालवणाऱ्याचा घोळ होऊ शकतो, तीच मान्य करायची. व्याकरण बिघडलंय, स्पेलिंग चुकलंय, वाक्य रुचत नाही, पण वाचणारा चुकीचं काही करणार नाही, असं असेल तर राखून ठेवायचं. आणि दस्तऐवज मंजूर होताना सगळ्यांना जे म्हणायचं होतं, ते एराटाच्या आडून बदलायचं नाही.

पहिला निकष किती उपयोगी आहे ते माझ्याच कामातल्या एका नोंदीवरून सांगते. आरएफसी ३६९६ हा २००४ सालचा, माहितीपर दस्तऐवज. ईमेल पत्ता किती लांब असू शकतो, याबद्दल त्यात म्हटलंय की ॲट चिन्हाच्या आधी ६४ अक्षरं, नंतर २५५, आणि चिन्ह धरून एकूण ३२०. बेरीज बिनचूक आहे, तरी उत्तर चूक आहे. कारण मेल पाठवण्याच्या प्रोटोकॉलमध्ये पत्ता ज्या चौकटीत जातो, त्या ‘पाथ’ची मर्यादा २५६ आहे, आणि त्यात दोन बाजूंचे कोनी कंसही मोजले जातात. ते वजा केले की उरतात २५४. एराटा क्रमांक १६९० मध्ये हे सगळं थोडक्यात आणि नेमकं मांडलंय, आणि स्थिती आहे व्हेरिफाइड.

एका आकड्याची तर चूक. पण तो आकडा लोक डेटाबेसच्या कॉलमच्या रुंदीत, फॉर्मच्या तपासणीत, चाचण्यांमध्ये उतरवून घेतात. आजही कोड तपासताना मला ३२० भेटतो. कोणी विचारलं की मी या एराटाचा क्रमांक देते आणि वाद तिथेच मिटतो. अशी चूक दुरुस्त करायलाच हवी होती, आणि ती केली गेली.

याच्या अगदी उलट उदाहरण एचटीटीपी या वेबपानं आणणाऱ्या प्रोटोकॉलमधल्या ‘रेफरर’ हेडरचं, म्हणजे मागणीसोबत जाणाऱ्या माहितीच्या एका ओळीचं. आधीच्या पानाचा पत्ता सर्व्हरला सांगणारं हे हेडर. इंग्रजी शब्दात ‘आर’ हे अक्षर चारदा यायला हवं, हेडरच्या नावात ते तीनदाच येतं. १९९६ सालच्या आरएफसी १९४५ मध्ये ते तसंच छापलं गेलं आणि २०२२ सालच्या आरएफसी ९११० मध्येही तसंच आहे. हे बरोबरच आहे. ब्राउझर, सर्व्हर, प्रॉक्सी सगळे तेच चुकीचं नाव पाठवतात आणि तेच ओळखतात. तारेवरून जाणारं नाव हाच करार असतो. शब्दकोशाप्रमाणे ते सुधारलं असतं तर चालू असलेली गोष्ट मोडली असती. नंतर ‘रेफरर पॉलिसी’ नावाचं नवं हेडर आलं, त्यात मात्र चारही ‘आर’ जागेवर आहेत, कारण तिथे मोडण्यासारखं जुनं काही नव्हतं. स्पेलिंगची चूक पाहिली की हात शिवशिवणाऱ्या प्रत्येक नव्या सहकाऱ्याला मी ही जोडी दाखवते.

मधल्या चुकाही असतात, आणि सगळ्यात जास्त विचार तिथेच करावा लागतो. आरएफसी २११९ घ्या. ‘मस्ट’, ‘शुड’, ‘मे’ या शब्दांचा प्रोटोकॉलच्या भाषेत नेमका अर्थ काय, हे सांगणारा १९९७ सालचा छोटासा दस्तऐवज. बाकीच्यांनी आपल्या आरएफसीत चिकटवावा म्हणून त्यात एक तयार परिच्छेद दिलाय. त्या परिच्छेदातल्या यादीत ‘नॉट रेकमेंडेड’ हे शब्द राहून गेले. आत चौथ्या सेक्शनमध्ये त्यांचा अर्थ दिलाय, वरच्या यादीत ते नाहीत. क्षुल्लक वाटतं, पण हा परिच्छेद असंख्य आरएफसींमध्ये जसाच्या तसा उतरला. मग तिथे ‘नॉट रेकमेंडेड’ हे शब्द आले तर ते नियमाचे समजायचे की साध्या बोलीतले? एराटा क्रमांक ४९९ ने हे दाखवून दिलं, ते मान्य झालं आणि २०१७ च्या आरएफसी ८१७४ मध्ये सुधारलेली यादी आली. चूक लहान होती, पण ती नकलेसाठीच दिलेल्या जागी होती. म्हणून तिचं वजन वाढलं.

एराटाने जिथे थांबायला हवं, ती जागाही मला डीएनएसमध्येच दिसते. १९८७ सालचा आरएफसी १०३५ एका सेक्शनमध्ये म्हणतो की टीटीएल (मिळालेलं उत्तर किती सेकंद साठवून ठेवायचं तो आकडा) ही ३२ बिटांची चिन्हासहित संख्या आहे, आणि पुढच्या दुसऱ्या सेक्शनमध्ये म्हणतो की ती चिन्हरहित आहे. यातलं एक चूक आहे हे उघड, पण कोणतं? केवळ मजकूर वाचून हे ठरत नाही. सर्वोच्च बिट चालू असलेली, म्हणजे चिन्हासहित वाचली तर ऋण ठरणारी, किंमत आली तर सर्व्हरने काय करायचं, हा वागणुकीचा प्रश्न आहे, आणि त्यावर सगळ्यांचं एकमत व्हावं लागतं. ते झालं १९९७ च्या आरएफसी २१८१ मध्ये: संख्या चिन्हरहित, कमाल २१४७४८३६४७, आणि सर्वोच्च बिट चालू असेल तर टीटीएल शून्य समजा. तक्रारीच्या एका चौकटीत असा निर्णय बसवला असता तर चर्चेविना प्रोटोकॉल बदलला असता. म्हणून एखादी तक्रार ‘हे एराटाचं काम नाही’ म्हणून फेटाळलेली दिसली की मला राग येत नाही. नव्या दस्तऐवजाची वाट लांब असली तरी अशा प्रश्नाला तीच वाट योग्य.

आता तक्रारीकडे वळते. माझी नाराजी ‘हेल्ड’ या खान्यावर आहे. त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र पडतात. चुकलेला स्वल्पविराम तिथेच जातो, आणि मजकुरात खरी अडचण आहे पण सुचवलेला उपाय मूळ सहमतीच्या पलीकडे जातो, अशी गंभीर नोंदही तिथेच. पहिली मी डोळे झाकून सोडू शकते, दुसरी वाचल्याशिवाय कोड लिहिणं धोक्याचं. बाहेरून दोन्हींवर एकच शिक्का. एखाद्या जुन्या आरएफसीची यादी लांबलचक असते तेव्हा प्रत्येक नोंद उघडून वाचण्याला पर्याय उरत नाही. हा खाना दोन भागांत विभागला तर प्रोटोकॉल लिहिणाऱ्यांचा केवढा वेळ वाचेल.

शिवाय राखून ठेवलेलं बाहेर यायला किती काळ लागेल, ते कुणाच्याच हातात नसतं. माहिती न गमावता क्रमाने पोचवणाऱ्या टीसीपी या प्रोटोकॉलचा आरएफसी ७९३ १९८१ सालचा, त्याची जागा घेणारा आरएफसी ९२९३ आला २०२२ मध्ये. त्यात जुन्या एराटाचा हिशेब व्यवस्थित मांडलाय, कुठली नोंद कशी हाताळली तेही लिहिलंय. काम उत्तम झालंय. पण टीसीपीसारखं भाग्य सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. अनेक आरएफसींना पुढची आवृत्ती मिळतच नाही, आणि त्यांचे राखीव एराटा कायमचे राखीवच राहतात.

‘रिपोर्टेड’ची अडचण याहून साधी आणि जास्त त्रासदायक. आयईटीएफच्या आरएफसीवरच्या तांत्रिक तक्रारीचा निर्णय त्या विषयाची जबाबदारी असलेल्या एरिया डायरेक्टरकडे जातो, आणि हे लोक बाकीचं मोठं काम सांभाळून हे करतात. म्हणून काही नोंदी निर्णयाविना पडून राहतात. वाचणाऱ्याला कळत नाही की ही कोणा जाणकाराने पकडलेली खरी चूक आहे की घाईत वाचणाऱ्याचा गैरसमज. मला विचाराल तर फेटाळलेली नोंद यापेक्षा बरी, कारण तिच्यासोबत बहुतेक वेळा कारण असतं, आणि त्या कारणातून मूळ मजकुराचा अर्थ जास्त स्पष्ट होतो. रिजेक्टेड नोंदी आवर्जून वाचाव्यात असं मी म्हणते ते यासाठीच.

पाचपैकी चार तारे देईन. निकषांना पाच, खान्यांच्या मांडणीला तीन.

वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. साइटवर आरएफसीची ‘इनलाइन एराटा’ असलेली आवृत्तीही मिळते. दुरुस्त्या मजकुरातच जागच्या जागी दिसतात, त्यामुळे वाचायला फार सोपी पडते. पण तिच्यात फक्त व्हेरिफाइड नोंदी घेतलेल्या असतात, आणि ही आवृत्ती केवळ माहितीसाठी आहे, संदर्भ म्हणून वापरू नये, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे हेल्ड आणि रिपोर्टेड नोंदी तिथे दिसणार नाहीत. पार्सर (आलेला मजकूर नियमांप्रमाणे वाचणारा कोड) लिहायला घेत असाल तर इनलाइन आवृत्ती वाचा, आणि शेजारच्या टॅबमध्ये त्या आरएफसीची पूर्ण एराटा यादी उघडी ठेवा.