कॅनडा सरकारचं फुकट पीपीपी: एक नंबर, पण रिपोर्टवरची तारीख खोडू नका

जवळपास बेस (माहीत असलेल्या जागेवरचा दुसरा रिसीव्हर) नाही, कंट्रोल पॉइंट (पक्के को-ऑर्डिनेट असलेली खूण) सापडत नाही, मग को-ऑर्डिनेट आणायचे कुठून, असं सर्व्हेवाल्यांपैकी कोणी ना कोणी विचारतंच, आणि माझं उत्तर ठरलेलं असतं, सीएसआरएस-पीपीपी, म्हणजे एकट्या जीपीएस रिसीव्हरच्या डेटावरून अचूक को-ऑर्डिनेट काढून देणारी सेवा (पीपीपी म्हणजे प्रिसाइज पॉइंट पोझिशनिंग). कॅनडाच्या नॅचरल रिसोर्सेस खात्याची ही ऑनलाइन सेवा २००३ पासून चालू आहे, डेटा जगातल्या कुठल्याही कोपऱ्यातला चालतो, पैसे शून्य, फक्त अकाउंट काढायचं. माझ्याकडून ५ पैकी साडेचार.

वापरायला अगदी सोपं. ट्रायपॉड नीट सेंटर करा, मोकळ्या आकाशाखाली रिसीव्हर तासन् तास चालू ठेवा (पुरा दिवस मिळाला तर सोन्याहून पिवळं), रायनेक्स फाइल (रिसीव्हरचा कच्चा डेटा ठेवायचा सगळीकडे चालणारा फॉरमॅट) चढवा, स्टॅटिक (रिसीव्हर एकाच जागी स्थिर) निवडा, थोड्या वेळात मेल येतो. फॉर्मवर को-ऑर्डिनेट कुठल्या चौकटीत हवेत, नॅड८३ की आयटीआरएफ (अख्ख्या जगासाठीची चौकट), असं विचारतात तिथे जरा थांबा हां. नॅड८३ उत्तर अमेरिकेच्या प्लेटला जखडलेलं आहे, ते घेऊन आपण काय करणार, आयटीआरएफच घ्यायचं.

आता खरी गंमत. आयटीआरएफमध्ये उत्तर येतं ते तुम्ही ज्या दिवशी मोजलं त्या दिवसाचं, आणि आपली अख्खी इंडियन प्लेट वर्षाला पाचेक सेंटीमीटर ईशान्येला सरकतेय. म्हणजे पुण्यातला तोच खिळा, तोच रिसीव्हर, दहा वर्षांनी मोजला तर अर्धा मीटर लांब दिसणार. एका क्लायंटने यावरूनच माझं बिल अडवून ठेवलं होतं, म्हणे जुन्या रिपोर्टशी जुळत नाही म्हणजे तुमचं काम चुकलंय! त्याच्या जुन्या कागदावर को-ऑर्डिनेट मिलिमीटरपर्यंत छापलेले, तारीख मात्र कुठेच नाही, मग जुळवायचं तरी कशाशी. बरं यात शेजारच्या दोन प्लॉटमधलं अंतर बदलत नाही, सगळं एकत्रच सरकतं, त्यामुळे बांधावरून भांडायला हे कारण कोणी वापरू नये.

विश्वास बसत नसेल तर अमेरिकेतल्या नेवाडा जिओडेटिक लॅबोरेटरीच्या साइटवर बेंगळुरूच्या आयआयएससी या जीपीएस स्टेशनचा ग्राफ उघडा, तोही फुकट. वर्षानुवर्षांचे ठिपके आणि रेघ सरळ वर. वरच्या पाचेकातला नुसता उत्तरेकडचा वेग वर्षाला साधारण साडेतीन सेंटीमीटर. मग हिमालयापलीकडचं, तिबेटातल्या ल्हासाचं स्टेशन बघा, तिथे तोच वेग दीडच्या आसपास. मधले दोनेक सेंटीमीटर गेले कुठे? हिमालयात दाबले जातायत, दरवर्षी. २५ एप्रिल २०१५ ला नेपाळमध्ये ७.८ चा भूकंप झाला तेव्हा साठलेल्यातलं थोडं सुटलं आणि काठमांडूच्या उत्तरेचं एक जीपीएस स्टेशन काही सेकंदांत दीड मीटरहून जास्त दक्षिणेला सरकलं, वर एक मीटरभर उचललंही गेलं. भूगोलाच्या पुस्तकात प्लेट सरकतात एवढं वाचून सोडून दिलेलं असतं, पण असा ग्राफ बघितल्यावर माणूस जरा गप्प होतो राव.

अर्धा मार्क कापला तो उंचीसाठी. उंची येते एलिप्सॉइडची (पृथ्वीचा गणिती गुळगुळीत आकार), समुद्रसपाटीपासूनची नाही, आणि आपल्याकडे दोन्हींत पन्नास मीटरच्या वर फरक आहे, त्यामुळे ती उचलून थेट ड्रेनेजच्या ड्रॉइंगवर टाकलीत तर संपलंच. शिवाय आडव्यापेक्षा उभ्या मापात चूक दुप्पट-तिप्पट धरूनच चला, हा काही या सेवेचा दोष नाही, सॅटेलाइट सगळे डोक्यावर असतात, पायाखाली एकही नसतो. अँटेनाचं नावही रायनेक्समध्ये त्यांच्या यादीतल्यासारखंच अक्षरन् अक्षर हवं, नाहीतर फेज सेंटरचं (अँटेनात सिग्नल नेमका जिथे पोचतो तो बिंदू) करेक्शन लागत नाही आणि उंची सेंटीमीटरांनी हलते. स्वस्तातले बरेच रिसीव्हर त्या यादीत नसतातच, घेण्याआधी दुकानदाराला विचारा, तो गोंधळला तर समजून जा.

आणि हो, त्याच दिवशी फाइल टाकली तर घाईच्या ऑर्बिटवर (सॅटेलाइटच्या कक्षांचा घाईने काढलेला हिशोब) उत्तर मिळतं, साध्या कामाला ते पुरतं. जमीन सरकतेय का हेच बघायचं असेल तर दोनेक आठवडे थांबा, फायनल ऑर्बिट आले की तीच फाइल परत चढवा, फुकटच आहे.